विमानाची भातुकली

माझं गाव भातकुली. अमरावतीहून एसटीने फार लांब नाही. पण बाहेरच्या जिल्ह्यातली मंडळी हे नाव हटकून भातुकली असंच वाचतात आणि फर्स्ट इयरच्या इंट्रोडक्शनला अख्खी विंग खदाखदा हसते. बाहुला-बाहुलीचं लग्न, खोटा स्वयंपाक, चिमुकल्या भांड्यातला चुरमुऱ्यांचा भात वगैरे. मला त्याचं वाईट वाटत नाही. जगातली सगळ्यात महागडी भातुकली कोणती, असं कोणी विचारलं तर उत्तर माझ्याकडे तयार आहे. फ्लाइट सिम्युलेटर! खोटं विमान, खोटं आकाश, खोटी धावपट्टी, आणि तरी त्यातून बाहेर पडणारा वैमानिक मात्र खरा. हा खेळ ज्याने पहिल्यांदा नीट मांडला त्या एडविन लिंकची ही गोष्ट.

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवर प्रत्येक मजल्यावर एक तरी पोट्टा असा असतोच की ज्याच्या पीसीवर फ्लाइट सिम्युलेटर टाकलेलं असतं. सबमिशनच्या आदल्या रात्री तो हमखास कुठलं तरी विमान उडवत असतो. नवीन जॉयस्टिक आणली की पहिले दोन दिवस एकच तक्रार : विमान सरळ उडतच नाही. नाक वर गेलं म्हणून स्टिक पुढे ढकलावी तर विमान गोता खातं, मागे ओढावी तर आभाळाकडे तोंड करतं, आणि असे झोके घेत घेत शेवटी जमिनीत! मग दोष जॉयस्टिकला, नाही तर दुकानदाराला. खरं तर सेटिंगमध्ये जाऊन दोनच गोष्टी बघायच्या असतात, सेन्सिटिव्हिटी आणि ट्रिम. त्या दोन गोष्टींचा आणि एका बाजाच्या कारखान्याचा काय संबंध, ते पुढे येईलच.

लिंकचा जन्म २६ जुलै १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टन गावचा. तो सहा वर्षांचा असताना घर न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनला आलं. तिथली एक दिवाळखोरीत निघालेली वाद्यांची कंपनी वडिलांनी हातात घेतली आणि पुढे ती लिंक पियानो अँड ऑर्गन कंपनी झाली. त्या काळी सिनेमा मुका होता. पडद्यावर चित्र हलायचं आणि थिएटरात ऑर्गन वाजायचा, त्यामुळे धंदा बरा चालायचा. पोरगा शिक्षणात काही रमला नाही. इंजिनियरिंगची पदवी त्याने कधीच घेतली नाही (एटीकेटीवाल्यांनी फार खूश होऊ नये, पुढची वाक्यंही वाचा). तो कारखान्यात कामाला लागला. ऑर्गन बसवणं, सूर लावणं, बिघडलेले पियानो दुरुस्त करणं यातच त्याची विशी आली.

आता आपल्या भजनी मंडळाची पेटी डोळ्यांसमोर आणा. एका हाताने भाता मारायचा, दुसऱ्याने पट्ट्या दाबायच्या. हवा कुठून आणि किती सोडायची एवढाच काय तो खेळ. आपोआप वाजणारा पियानोही याच जातीचा, फक्त उलटा. त्यात पंप हवा ओढून घेत असतो. कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडलेली असतात. भोक समोर आलं की हवा आत शिरते, छोटीशी झडप हलते, एक इवलासा भाता मिटतो आणि त्याला जोडलेली पट्टी खाली ओढली जाते. गुंडाळी फिरत राहते, गाणं वाजत राहतं. थोडक्यात, कागदावरचं भोक पाहून हालचाल करणारं यंत्र. आपण ज्याला न्युमॅटिक कंट्रोल म्हणतो आणि परीक्षेपुरतं पाठ करतो, ते या माणसाच्या बोटांत होतं.

विमानाचं वेड त्याला १९२० मध्ये लागलं. तेव्हा तो कॅलिफोर्नियात होता आणि लॉस एंजेलिसला चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी चॅप्लिन याची विमान कंपनी होती. लिंकने तिथे ५० डॉलर मोजले आणि उडायचा पहिला धडा घेतला. धडा कसला! शिकवणाऱ्याने कोलांट्या मारल्या, जमिनीलगत सुसाट विमान नेलं, आणि खाली उतरवलं. सोळा वर्षांच्या पोराला स्टिकला एकदाही हात लावू दिला नाही. ५० डॉलर त्या काळी म्हणजे मोठी रक्कम. वरच्या वर्गात प्रॅक्टिकलला सर स्वतःच रीडिंग घेतात आणि आपण मागे उभं राहून वहीत लिहून घेतो, तसलाच प्रकार. पण इथे विचार करण्यासारखं आहे. मास्तराने हात का लावू दिला नाही? नवशिक्याच्या हातात खरं विमान दिलं तर दोघं मरतात म्हणून. आणि हात लावला नाही तर शिकणार कसं? लिंकचं पुढचं सगळं आयुष्य या एका कोड्यातून निघालं, असं मला तरी वाटतं.

पुढे तो हट्टाने उडायला शिकला. सेसना कंपनीने ग्राहकाला दिलेलं पहिलं विमान त्याने मिळवलं. जत्रेत लोकांना चक्कर मारून आणणं, भाड्याने उडणं, शिकवण्या घेणं असं करून कसंबसं पोट भरायचं. आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात, १९२७ ते १९२९ या काळात साधारण दीड वर्ष खपून, त्याने आपलं खोटं विमान बांधलं.

त्याची रचना ऐकण्यासारखी आहे. आखूड पंखांचं, बुटकं, लाकडी विमान. ते एका बैठकीवर असं टेकवलेलं की चहूबाजूंना कलू शकेल. खाली भाते. बैठकीत विजेवर चालणारा हवा ओढणारा पंप. आत बसलेल्याने स्टिक डावीकडे नेली की झडपा उघडतात, एका बाजूचा भाता मिटतो, दुसऱ्या बाजूचा फुगतो आणि विमान डावीकडे कलतं. मागे ओढली की नाक वर. याशिवाय दुसरी एक मोटर ठेवली होती जी मधूनमधून विमानाला उगाच हिसके देत राहायची, म्हणजे हवेतल्या धक्क्यांचीही सोय झाली. ऑर्गनचा सांगाडा तोच, फक्त सुरांच्या जागी हालचाल.

पण खरी मेहनत वेगळीच होती. स्टिक किती हलवली की विमान किती हलावं? याचं गणित त्याच्याकडे नव्हतं. हे जुळवायला त्याने एकच रस्ता धरला. बसून बघायचं, उतरायचं, काहीतरी कमी-जास्त करायचं, पुन्हा बसायचं. खरं विमान त्याच्या हाताला माहीत होतं. खोटं विमान त्या हाताला पटेपर्यंत हे चाललं. आज आपण मेनूत जाऊन सेन्सिटिव्हिटीचा स्लायडर सरकवतो ते हेच काम आहे. फरक इतकाच की त्याचा स्लायडर लाकूड, चामडं आणि हवेचा होता.

ते यंत्र परिपूर्ण नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. खऱ्या विमानात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. पंख कलवले की नाकही वळायला लागतं, रडर दिला की पंखही कलतो. लिंकच्या पहिल्या यंत्रात एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर ही तिन्ही कामं सुटी सुटी होती. गुरुत्वाचा दाबही जाणवायचा नाही. मग ते उपयोगी कसं पडलं? शिकणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला ज्यावर विसंबायचं असतं तेवढं खरं असलं की पुरे, बाकीचं खोटं चालतं. भातुकलीत भात खोटा असतो, पण पंगतीत आधी कोणाला वाढायचं ते खरंच असतं ना! तसं.

आता जरा आपल्या जॉयस्टिककडे येऊ, कारण लिंकला तळघरात जे सापडलं ते तिच्यावर रोज तपासून बघता येतं. खऱ्या विमानाची स्टिक हातभर लांब असते, आपली वीतभर. म्हणजे मनगट तेवढंच हललं तरी आपल्या स्टिकचा कोन कितीतरी जास्त होतो. सॉफ्टवेअर बिचारं कोन मोजतं, मनगट नाही. शिवाय खऱ्या विमानात वेग वाढला की हवा स्टिकला उलट दाबते, हात आपोआप आवरतो. आपल्याकडे तीच ती स्प्रिंग, जमिनीवरही आणि ढगातही. म्हणून सेन्सिटिव्हिटीचा आलेख सरळ रेषेत ठेवू नये. मधल्या भागात तो चपटा करावा आणि टोकांना उंच जाऊ द्यावा. मॅथ्सवाल्यांसाठी, आउटपुट इनपुटच्या प्रमाणात न ठेवता थोडं घनाकडे झुकवायचं. मग मधली बारीक हालचाल बारीक राहते आणि गरज पडली तर पूर्ण जोरही मिळतो.

डेड झोनचंही तसंच. जुन्या जॉयस्टिकमधले पोटेन्शिओमीटर झिजले की हात न लावताही आकडे थरथरतात, त्या थरथरीपुरताच मधला मुका पट्टा ठेवायचा. काही जण तो भरमसाट वाढवतात. मग होतं काय, स्टिक हलवली तरी काहीच घडत नाही, म्हणून आणखी हलवतो, आणि पट्टा संपला की विमान एकदम उडी मारतं. आणि सेटिंगला हात लावायच्या आधी ग्राफिक्स उतरवून बघा! आपल्या सेकंडहँड पीसीवर चित्र अडखळत असतं, म्हणजे हाताने केलेलं डोळ्याला उशिरा दिसतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात काय लिहितो आपण, गेन जास्त आणि त्यात डिले, म्हणजे ऑसिलेशन. ते झोके घेणारं विमान हेच आहे. पुस्तकातलं चित्र स्क्रीनवर. लिंकच्या भात्यांनाही हवा भरायला वेळ लागतच असणार, त्यामुळे हा प्रश्न त्याच्याही वाट्याला आला असेल यात मला शंका नाही.

असो. १९२९ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३१ मध्ये ते मिळालं. अर्जातच दोन उपयोग सांगून ठेवले होते, शिकाऊ वैमानिकांसाठी साधन आणि करमणुकीचं यंत्र. त्याला विकायचं होतं विमानशाळांना. घेतलं कोणी? जत्रांनी आणि करमणूक बागांनी! नाणं टाका आणि विमानात बसा. शिकवणाऱ्या मंडळींना वाटलं, हे पोरांचं खेळणं. आणि वेळही किती वाईट. बोलपट आले, थिएटरातले ऑर्गन मुके झाले, त्यात १९२९ ची मंदी. वडिलांचा धंदा बसला. लिंकने स्वतःची विमानशाळा काढली, आपल्याच यंत्रावर मुलांना शिकवलं. विमानाच्या पंखाखाली दिव्यांची जाहिरात लावून रात्री शहरांवरून उडण्याची कामं घेतली, ती अक्षरं पेटवायची-विझवायची युक्तीही वाद्यांच्या कारखान्यातलीच. १९३१ साली मॅरियन क्लेटन या वार्ताहर मुलीशी त्याचं लग्न झालं. नवऱ्याचा धंदा बुडीत आणि डोक्यात विमान, तरी ती शेवटपर्यंत त्याच्या प्रत्येक उद्योगात बरोबरीने राहिली.

फिरलं ते १९३४ मध्ये, आणि फिरायला माणसं मरावी लागली. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने फेब्रुवारीत खासगी कंपन्यांची विमान टपालाची कंत्राटं रद्द केली आणि ते काम लष्कराच्या हवाई दलाकडे दिलं. ऐन हिवाळा, बर्फ, धुकं, रात्रीच्या फेऱ्या. लष्करी वैमानिक शूर होते, पण उजेडात आणि मोकळ्या आकाशात उडणारे. थोड्याच आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. अमेरिकाभर गहजब झाला.

ढगात नेमकं काय होतं हे कळलं तर त्यांच्या मरणाचं कारण कळतं. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव. वळायला लागलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. पण वळण सावकाश असेल, किंवा बराच वेळ तसंच चालू राहिलं, तर द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदू म्हणतो सरळ चाललंय. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळा चूक पकडतो. ढगात डोळा आंधळा. विमान गिरक्या घेत खाली येत असतं आणि आतल्या माणसाला शपथेवर वाटतं की आपण सरळ उडतोय. समोरचे काटे खरं सांगत असतात, पण शरीर इतकं ठामपणे खोटं बोलतं की काट्यांवर विश्वास बसत नाही. हा विश्वास सांगून येत नाही. तो सवयीने येतो, आणि खऱ्या ढगात सवय लावायला गेलं तर पहिलाच धडा शेवटचा ठरू शकतो.

लिंकच्या पेटीवर झाकण घातलं की आतल्याला बाहेरचं काहीही दिसायचं नाही. फक्त काटे. लिंक स्वतः त्यातच घोटून तयार झाला होता. लष्कराचे अधिकारी न्यूअर्कला त्याची वाट बघत होते, त्या दिवशी नेमकं दाट धुकं पडलं. अशा हवेत कोणी येणं शक्यच नाही असं धरून मंडळी निघायच्या बेतात होती, तेवढ्यात धुक्यातून विमानाचा आवाज आला आणि लिंक उतरला. त्याला फार बोलावं लागलं नसणार. जून १९३४ मध्ये लष्कराने सहा यंत्रं मागवली, प्रत्येकी ३५०० डॉलरला. जत्रेतलं खेळणं पाच वर्षांनी शाळेत आलं.

आणि इथेच ट्रिमची गोष्ट येते, जी आपल्याकडचे गेमवाले सर्रास टाळतात. विमानाचा वेग किंवा इंजिनाचा जोर बदलला की शेपटीवरचा हवेचा तोल बदलतो, आणि नाक जागेवर ठेवायला स्टिक सतत रेटून धरावी लागते. दहा मिनिटांत हात भरून येतो. त्यासाठी एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ट्रिमचं चाक फिरवलं की ती पट्टी थोडी वाकते आणि हवेचाच जोर वापरून अख्खा एलिव्हेटर हव्या त्या जागी धरून ठेवते. अशा पट्टीला जर्मन इंजिनियर अँटोन फ्लेटनर याच्या नावाने फ्लेटनर टॅबही म्हणतात. आमच्याकडे वावरात डवऱ्याची जोडणी नीट बसलेली असली की मागच्या माणसाचा हात रुमण्यावर नुसता टेकलेला असतो. जोडणी बिघडली की तो दिवसभर एका बाजूला रेटत राहतो आणि संध्याकाळी खांदा धरतो. ट्रिम म्हणजे ती जोडणी. ढगात उडणाऱ्याचा हात मोकळा असला पाहिजे, कारण त्याला नकाशा बघायचाय, रेडिओ लावायचाय, आणि मुख्य म्हणजे काट्यांवर नजर फिरवायचीय. सगळं लक्ष स्टिक रेटण्यात गेलं तर काटे कोण वाचणार?

घरच्या सिम्युलेटरमध्ये मात्र एक गोची आहे. खऱ्या विमानात स्टिक जिथे धरलीय तिथेच ठेवून ट्रिमचं चाक फिरवतात. हळूहळू हातावरचा जोर नाहीसा होतो आणि स्टिक तिथेच राहते. आपल्या जॉयस्टिकची स्प्रिंग तिला सतत मध्यावर खेचत असते. ट्रिम कितीही केलं तरी हातावरचा जोर कमी होत नाही. म्हणून आपल्याला उलटं शिकावं लागतं. नाक हव्या त्या जागी धरायचं, वेग स्थिर होऊ द्यायचा, मग ट्रिमची बटणं एकेक टिचकी मारत दाबायची आणि तितकीच स्टिक मध्याकडे सैल सोडत जायची. स्टिक मध्यावर आली, हात काढला, आणि नाक जागेवरून हललं नाही की झालं ट्रिम. बटण दाबून धरलं तर ट्रिम धावत सुटतं. एका टिचकीला किती ट्रिम बदलावं हे सेटिंगमध्ये कमी करता येत असेल तर करून घ्या. आणि ट्रिमने नाक वर-खाली करू नका. नाक हलवायचं स्टिकने, ट्रिम फक्त हात मोकळा करायला. हा फरक ज्याला कळला त्याचं विमान दुसऱ्या दिवसापासून सरळ उडतं, असा आमच्या मजल्यावरचा अनुभव आहे.

पुढचा इतिहास झपाट्याचा. १९३५ मध्ये जपानच्या नौदलानेही ही यंत्रं घेतली. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे, यंत्राला शत्रू-मित्र कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात निळ्या अंगाच्या आणि पिवळ्या पंखांच्या या पेट्या दहा हजारांवर बनल्या, भर कामाच्या दिवसांत दर ४५ मिनिटांना एक. पाच लाखांच्या वर अमेरिकन वैमानिक त्यांत बसून तयार झाले असं सांगतात. शेजारच्या टेबलावर काच आणि नकाशा असे, आणि त्यावर खेकडा म्हणतात ती तीन चाकांची छोटी गाडी शाईने रेघ ओढत जाई. पेटीतला गडी कुठे भरकटला ते मास्तराला कागदावर दिसायचं. रात्री ताऱ्यांवरून दिशा काढायला शिकवण्यासाठी लिंकने ४५ फूट उंच बुरुजात खोटं तारांगणही उभारलं. भातुकलीत आता आभाळ आलं!

भारतीय हवाई दलातली एक अख्खी पिढीही लिंकच्या पेटीत बसून काटे वाचायला शिकली. आपल्याकडे १९५१ साली एचटी-२ हे देशी शिकाऊ विमान पहिल्यांदा उडालं. ते ज्यांनी डिझाइन केलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्याकडे शिकलेले. त्यांच्यावर खरं तर वेगळा लेख हवा, पुढच्या अंकात कोणीतरी लिहा. आणि आता तर आमच्या अमरावतीजवळ बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं. तिथेच वैमानिकांची शाळा काढायचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं, ३४ विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक अशी योजना. कमर्शियल लायसन्सला २०० तास उडावं लागतं, आणि एका तासाचा खर्च ऐकला तर कापूस-सोयाबीनवाल्या घरातला बाप नुसता हसतो. सोळाव्या वर्षी ५० डॉलर देऊन स्टिकला हात न लागलेला पोरगा म्हणूनच मला परका वाटत नाही.

१९५४ साली लिंकने कंपनी जनरल प्रिसिजन या मोठ्या कंपनीत विलीन केली. पन्नाशीला आलेला, पैसा भरपूर. दुसरा असता तर बंगल्यात बसला असता. हा समुद्रात उतरला! आधी नुसती हौस, बुडालेली जहाजं शोधायची. मग त्यासाठी सी डायव्हर नावाचं खास जहाज बांधलं. १९५९ मध्ये जमैकात पोर्ट रॉयल या १६९२ च्या भूकंपात समुद्राने गिळलेल्या शहराचा शोध घेताना त्याच्या चमूला एक खिशातलं घड्याळ मिळालं. काटे गळून गेले होते, पण एक्स-रे काढल्यावर त्यांच्या खुणा दिसल्या, पावणेबाराला दोन मिनिटं कमी. काटे वाचायची सवय इथेही कामाला आली म्हणायची.

मग माणूस खोल पाण्यात जास्त वेळ कसा राहील याचा ध्यास. १९६२ मध्ये त्याने ॲल्युमिनियमचं एक नळकांडं बनवलं आणि भूमध्य समुद्रात आधी स्वतः आठ तास ६० फुटांवर राहून आला. वय ५८! त्यानंतर रोबेर स्तेनुई हा बेल्जियन पाणबुड्या २०० फुटांवर एक दिवसाहून जास्त राहिला. पुढे छोट्या पाणबुड्या आल्या, पाणबुड्यांना खाली सोडून परत आत घेता येईल अशा. त्यांपैकी १९७१ ची जॉन्सन सी लिंक सगळ्यात नावाजलेली. पुढे पारदर्शक ॲक्रिलिकचा गोळा, मागे ॲल्युमिनियमची खोली.

१७ जून १९७३. फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ ही पाणबुडी मुद्दाम बुडवलेल्या एका जुन्या विनाशिकेपाशी गेली होती, ३६० फूट खाली. जुन्या तारांत ती अडकली. आत चौघं होते. मागच्या खोलीत ५१ वर्षांचा अनुभवी पाणबुड्या अल्बर्ट स्टोव्हर आणि एडविन क्लेटन लिंक, वय ३१, लिंकचा मुलगा. आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला रसायन होतं, पण ते रसायन थंडीत नीट काम करत नाही. ॲल्युमिनियम उष्णता पटकन वाहून नेतं, त्यामुळे मागची खोली समुद्राइतकी गार पडली. ॲक्रिलिक उष्णता सहजी जाऊ देत नाही, त्यामुळे पुढचे दोघं तेवढे गारठले नाहीत. तीस तासांहून जास्त वेळाने पाणबुडी वर आली. पुढचे दोघं वाचले. मागचे दोघं वाचले नाहीत. हीट ट्रान्सफरच्या पहिल्या चॅप्टरमधला कंडक्टिव्हिटीचा तक्ता आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो. त्या तक्त्यातल्या दोन ओळींमधलं अंतर म्हणजे त्या दिवशी त्या दोन खोल्यांमधलं अंतर होतं.

लिंक तेव्हा ६९ च्या उंबरठ्यावर होता. त्याने त्यानंतर काय केलं? अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणूस न पाठवता पोचेल, बघेल आणि तारा कापेल असं केबलने चालवायचं बचावयंत्र बनवायला घेतलं आणि बनवलं. वरून बसून चालवायचं, खाली काय चाललंय ते पडद्यावर बघत. जॉन्सन सी लिंकही दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात गेली.

७ सप्टेंबर १९८१ ला लिंक वारला. बिंगहॅमटनच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. त्याची निळी पेटी तिथल्या म्युझियममध्ये आहे आणि २००० साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेने तिला ऐतिहासिक वारसा म्हणून मान दिला. त्याच्या नावाची कंपनी मालक बदलत चालू राहिली, अपोलोच्या आणि पुढे स्पेस शटलच्या अंतराळवीरांची सिम्युलेटर तिनेच बनवली. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटल फुटलं आणि अटलांटिकमध्ये पडलं, तेव्हा रॉकेट बूस्टरचे तुकडे तळाशी जाऊन शोधणाऱ्यांत जॉन्सन सी लिंक पाणबुड्या होत्या.